आपट्याची नदी आणि सरपणाचा संडास

पनवेलहून निघाले तेव्हा पोटात चार घास मऊ भात होता आणि पिशवीत जास्तीचे कपडे. मोठ्या आतड्याला कायमची सूज, असं माझं दुखणं. कळ आली की पाच मिनिटांत संडास गाठायचा, नाहीतर शोभा! पनवेलमधली देवळं मला नीट सांगता येणार नाहीत, पण कुठल्या हॉटेलातल्या संडासाला कडी आहे, हे खुशाल विचारा. त्या संडासांपलीकडे दोन वर्षांत मी गेले नव्हते. जवळच्या आपट्याला जाऊन पाताळगंगा बघायची, एवढाच हट्ट होता. "टीव्हीवर दाखवतात की नद्या," यजमान म्हणाले. मग तर जायचंच ठरलं. मात्र आज फजिती झाली, तर पुन्हा बाहेर पडायचं नाव काढायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

गावाच्या थोडं अलीकडे कळ आलीच. रिक्षा थांबवून उतरले. समोरच्या अंगणात पन्नाशीची एक बाई तांदूळ पाखडत होती. लाज गुंडाळून ठेवली आणि विचारलं.

"संडास हाय, पन त्यात सरपन भरलंय. आमी शेतावर जातो."

माझा चेहरा बघून तिने सूप बाजूला ठेवलं. "सूनबाय, ये लवकर!" दोघी लाकडं, गवऱ्या भराभरा बाहेर फेकू लागल्या. मी वाकले, तशी ती ओरडली, "तुमी नको. तुमी पोट धरा!" शेवटी एक खुडूक कोंबडी (अंडी उबवायला बसलेली) शिव्या देत बाहेर आली. जागा वेळेत झाली, एवढंच सांगते.

बाहेर आले आणि मला रडूच फुटलं. शेजारणींपासून लपवलेलं दुखणं मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं, रक्त पडतं तेसुद्धा.

"त्यात लाजायचं काय? पोट कोनाला नाय?" म्हणत तिने पेज (पातळ शिजवलेला भात) मीठ घालून पुढे केली. मी परत फिरायच्या गोष्टी करू लागले, तर म्हणाली, "एवढ्या लांब आल्या नि नदी नाय बघनार? जा, निवांत बसा. दार उघडं नि बादली भरून ठेवते."

नदी संथ होती. काठच्या बांबूवर खंड्या बसला होता. तो सूर मारायचा, कधी मासा मिळायचा, कधी नाही. दोन तास मी तिथे बसले. पोटाने हूं की चूं केलं नाही.

परतताना त्या घरात कोणी नव्हतं. शेतावर गेली असावीत. सरपण पडवीत रचलं होतं. संडासाचं दार उघडं होतं आणि दाराशी काठोकाठ भरलेली बादली.

घरी यजमानांनी विचारलं, "त्रास झाला का?" एरवी मी नाही म्हणते. "झाला," मी म्हणाले, "आणि नदीही बघितली."

त्या बादलीची मला गरज पडली नाही. ती भरून ठेवलेली होती, म्हणूनच पडली नाही.