पेरांवरचे नाव

नगरला आमच्या शेजारच्या विणकराला हात स्थिर ठेवून बोलता येत नसे. घरात तो तेलुगू बोले, सूतवाल्याशी उर्दू आणि आमच्याशी मराठी. हात मात्र तिन्ही भाषांत सारखेच नाचत. लढाईमुळे सूत मिळेना आणि माग बंद पडला, तरी हात चालूच. मी बेचैन होई.

"जरा हात आवरून बोला हो," मी एकदा म्हणालो.

"हात आवरले तर त्वांड बंद पडंल, भाऊसाहेब! मागाच्या खडखडाटात आमी हातानंच बोलतो."

माझी धाकटी मुलगी जन्मापासून बहिरी. ती दिवसभर त्याच्याकडेच असे.

माझी पुण्याला बदली झाली. आधी एकट्याने जाऊन जागा पाहावी म्हणून मी ट्रंक भरू लागलो, तशी धाकटी रडू लागली. पोट दुखत असेल म्हणून बायकोने ओवा दिला. तो तिने थुंकून टाकला. शेवटी मी विणकराला बोलावले. त्याने उकिडवे बसून हातांनी काही विचारले. तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, मग हात दूर झटकला.

"तुमी तिला टाकून चाललाय म्हनती."

"मी? कशावरून?"

"ह्ये तुमचं नाव." त्याने पेरांवर अंगठा फिरवला. "सारखं मोजत असता न्हवं!"

मी हिशेब पेरांवरच करतो. त्यावरून माझे नाव पडले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

"'परत येईन' कसं म्हणायचं?"

त्याने दाखवले, मी केले. चुकले असावे. पोरीने डोळे पुसले, माझे वाकडे बोट धरून सरळ केले आणि पुन्हा करायला लावले.