महेश्वरच्या घाटावरची उजेडाची रेघ

भूत, पिशाच्च, योगायोगापलीकडचं काही... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. माझं सगळं आयुष्य कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलं. जे मोजता येतं ते कागदावर काढायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे पुढचं वाचून कुणी 'बुवांना वयामुळे भास झाला' म्हणालं तर माझी हरकत नाही. फक्त हे घडलं तेव्हा मी पंचविशीतला होतो आणि बघणारा मी एकटा नव्हतो.

इथे या गटावर तुम्ही मंडळी देशभरातले रात्रीचे फोटो टाकता, ते मी आवडीने बघतो. आमच्या वेळी, म्हणजे पन्नासच्या दशकात, हा प्रकार फारसा कुणी करत नसे. मी चिंचवड स्टेशनजवळ खोली घेऊन राहायचो आणि पिंपरीतल्या एका नव्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आजूबाजूला शेतं, रेल्वेची लाइन, निर्वासितांची छावणी आणि जिकडेतिकडे चाललेली बांधकामं... एवढंच पिंपरी होतं. रजा मिळाली की मी घडीचा कॅमेरा आणि लाकडी स्टँड घेऊन रेल्वेत बसायचो. हंपी, काशी, कन्याकुमारी — जिथे जाईन तिथे अंधार पडल्यावर स्टँड लावायचा आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शटर असं उघडं असताना समोरून माणूस चालत गेला तर तो फोटोत येत नाही, पुसला जातो. पण त्याच्या हातात कंदील असेल तर कंदिलाची रेघ येते. माणूस नाही, नुसती रेघ.

त्या वर्षी दिवाळीच्या रजेत मी महेश्वरला गेलो. नर्मदेचा घाट, वर किल्ला. संध्याकाळची आरती संपली, लोक पांगले, तेव्हा मी पाण्यालगतच्या दगडी ओट्यावर स्टँड लावला आणि कॅमेरा वर, पायऱ्यांकडे केला. डावीकडे एक रिकामी नाव बांधलेली होती. शटर उघडलं. ते बंद करेपर्यंत मी तिथून हललो नाही आणि पायऱ्यांवर कुणी आलं नाही. इथे मी ठामपणे लिहितो, कारण एवढ्या वेळात दुसरं करायलाच काही नसतं. समोर बघत उभं राहायचं.

घरी येऊन फिल्म धुतली तर पायऱ्यांवर एक उजेडाची रेघ. घाटाच्या वरच्या दारापासून निघून, पायऱ्या उतरत, थेट माझ्या दिशेने आलेली आणि माझ्या डाव्या हाताला, नावेच्या बाजूला, चौकटीबाहेर गेलेली. आधी वाटलं ओरखडा असेल. पण फिल्मच्या मसाल्यावर ओरखडा पडला तर प्रिंटमध्ये काळी रेघ येते. ही पांढरी होती. शिवाय ती सरळ नव्हती... एक मोठी लाट, एक बुटकी लाट, पुन्हा मोठी, पुन्हा बुटकी. मधूनच एक लहानसा गोल वेढा.

मी फार विचार केला नाही. कुणीतरी गेलं असेल, आपलं लक्ष नसेल, असं स्वतःला सांगितलं. फोटो देखणा आला होता. त्याची काचेची स्लाइड करून ठेवली.

आता नामदेवबद्दल सांगतो. नामदेव आमच्या कारखान्यात फिटर, तळवड्याचा. रोज सायकलवरून यायचा. माझे फोटो त्याने पाहिले होते आणि 'साहेब, एकदा आमच्या गावात दाखवा की' म्हणून मागे लागला होता. स्लाइड दाखवायचं यंत्र माझ्याकडे होतं, आत गॅसबत्ती ठेवून चालणारं. गावात वीज नव्हती, त्यामुळे तेच सोयीचं.

हिवाळा सरत आला तेव्हा त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत घरची गोष्ट सांगितली होती. त्याचा धाकटा भाऊ सोपान काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. पिंपरीच्या बांधकामावर कामाला जाण्यावरून त्याचं वडिलांशी वाजलं. म्हातारा चिडून म्हणाला, 'मी जिता हाय तवर या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई.' सोपान गेला तो गेला. पुढे वडील वारले. मग नर्मदेकडून आलेल्या एका यात्रेकरूने सांगितलं की आपल्याकडचा एक लंगडा माणूस तिकडे बुडून मेला.

"लंगडा म्हणजे... सोपान?" मी विचारलं.

"लहानपणी बैलगाडीचं चाक गेलं व्हतं पायावरनं," नामदेव म्हणाला. "आता किती दिस वाट बघायची, साहेब? भटजींशी बोललोय. दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा, उरकून टाकतो. हौसाचाबी जीव मोकळा व्हईल."

हौसा म्हणजे सोपानची बायको. विधी झाला की ती विधवा ठरणार, बांगड्या फोडल्या जाणार. तिला हे मान्य नव्हतं, पण तिला कुणी विचारत नव्हतं. नामदेव वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की तिला असं टांगून ठेवण्यापेक्षा हे बरं.

येत्या अमावास्येला विधी ठरला आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, दिवेलागणीनंतर, मी त्यांच्या अंगणात यंत्र मांडलं. भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून लावलं. पुढे पुरुष, मागे ओसरीवर बायका. हंपीचा रथ पाहून लोक म्हणाले, 'दगडाचा? चाकंबी दगडाची?' कन्याकुमारीच्या समुद्राला एका म्हाताऱ्याने हात जोडले. मग मी महेश्वरची स्लाइड सरकवली.

"ही कसली रेघ?" कुणीतरी विचारलं.

"कंदील घेऊन कुणी उतरलं असेल," मी म्हणालो.

तेवढ्यात ओसरीवरून बाईचा आवाज आला.

"भावजी, ही ह्यांची चाल हाय."

पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. थोरल्या दिरासमोर, एवढ्या पुरुषांत, बाईने असं बोलायची रीत नव्हती. हौसा उठून पुढे आली. पदर डोक्यावर, पण मान वर.

"एक पाऊल लांब, एक तोकडं. बघा की. आन् हितं..." तिने धोतरावरच्या त्या गोल वेढ्यावर बोट ठेवलं. तिच्या हातावर घाटाच्या पायऱ्या पडल्या. "पायात जनावर यील म्हणून कंदील फिरवायचे न्हवं? मळ्यातनं येताना रोज लांबनं दिसायचा मला. मी ह्याच वळखीवर भाकरी टाकायची तव्यावर."

मला वाटलं नामदेव तिला आत जायला सांगेल. तो धोतराजवळ गेला, त्याने त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, हे कवा काढलं?"

"दिवाळीत."

"आन् यात्रेकरूनं सांगितलं त्ये तर त्याच्या आधीचं..."

"मग जाऊन बघा," हौसा म्हणाली. "बघून या, आन् मग फोडा माझ्या बांगड्या. मी न्हाई म्हणायची न्हाई."

विधी पुढे ढकलला. नामदेवने सुट्टी काढली, आणि जागा मलाच ठाऊक म्हणून मीही निघालो. खरं सांगायचं तर काही सापडेल असं मला वाटत नव्हतं. एका बाईचं समाधान, एवढ्याच भावनेने मी गाडीत बसलो.

महेश्वरला घाटाच्या मागच्या गल्लीत एक धर्मशाळा आहे. तिथल्या व्यवस्थापकांना आम्ही विचारलं, पुण्याकडचा, पायाने अधू असा कुणी? ते म्हणाले, "सोपान ना? मागे आहे."

मागच्या पडवीत एक माणूस काठी टेकून तुळशीला पाणी घालत होता. त्याने वळून पाहिलं. नामदेव दोन पावलं पुढे गेला. सोपानच आधी म्हणाला, "आबांनी धाडलं?"

"आबा गेलं," नामदेव म्हणाला. "तू गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात."

सोपान खाली बसला. त्याने विचारलं, "माझ्यावर राग व्हता?"

"त्ये काय बोललं न्हाईत. पर तुझ्या खोऱ्याला कुणाला हात लावू देत नव्हते."

तेव्हा मी तिथून बाहेर आलो. भावांचं रडणं बघत उभं राहणं बरं दिसत नाही.

बाहेर व्यवस्थापकांशी बोललो. सोपान तिथे गवंड्याच्या हाताखाली कामाला होता. पावसाळ्याच्या शेवटी जुनी भिंत पडली, त्यात त्याचे दोन्ही पाय मोडले. कामट्या बांधून त्याला मागच्या खोलीत निजवलं होतं.

"मग दिवाळीत तो घाटावर कसा आला?" मी विचारलं.

ते हसले. "दिवाळीत? अहो, दिवाळीत त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती."

मी आत जाऊन सोपानला सरळच विचारलं, कंदील घेऊन कधी घाट उतरला होतास का? फोटोबद्दल अवाक्षर काढलं नाही. नामदेवनेही तोवर काढलेलं नव्हतं, हे मी त्याला नंतर खोदून खोदून विचारलं.

"कंदील कुठला, साहेब? मला उठता येत नव्हतं." मग ओशाळून म्हणाला, "पर मनातनं उतरायचो. सांजच्या घंटा वाजल्या की पडल्या पडल्या निघायचो. दार, मग पायऱ्या. खाली नाव असायची. नावंत बसलं की घरी, असं वाटायचं. रोजचंच झालं व्हतं."

"रोज?"

"व्हय. एकदा तिथं कुणीतरी उभं व्हतं. तीन काठ्या रोवून. काठ्यांच्या मधी पिशवी लोंबत व्हती, आन् पिशवीत धोंडा. मी म्हणलं हे काय खूळ! त्याच्या बाजूनं गेलो मी."

वाऱ्याने स्टँड हलू नये म्हणून मी त्याच्या मधोमध पिशवी बांधतो आणि तिच्यात दगड घालतो. तळवड्याच्या अंगणात यंत्र होतं, स्टँड नव्हता. नामदेवने तो कधी पाहिलेला नव्हता. मी कोणत्याही फोटोत तो दाखवलेला नव्हता... दाखवणार तरी कसा?

मी उठून त्याची मागची खोली पाहून आलो.

आम्ही तिघे परत आलो. चिंचवड स्टेशनवर उतरून बैलगाडीने तळवड्याला गेलो. हौसा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो सोपानवरून ओवाळून टाकला, त्याच्या काठीकडे पाहिलं आणि फक्त म्हणाली, "आता दोन्ही पाय सारखेच झाले म्हणायचे." सोपान हसला. नामदेवने भटजींना विधी रद्द झाल्याचा निरोप धाडला, तोही मीच सायकलवरून पोहोचवला.

पुढे ती निगेटिव्ह मी मुंबईच्या एका जाणत्या छायाचित्रकाराला दाखवली. तो म्हणाला, 'कुणीतरी कंदील घेऊन गेलं, यात विशेष काय?' मी वाद घातला नाही. सोपानला ते चित्र बघायला दोनदा बोलावलं. तो आला नाही. "मी जाऊन आलो साहेब," म्हणाला, "आता बघून काय करू?" पिंपरीच्या बांधकामावर तो मुकादम झाला, म्हातारा होऊन वारला. हौसाबाई त्याच्यानंतर बरीच वर्षं होत्या.

यावर मी खूप डोकं लढवलं. फिल्ममध्ये उजेड शिरला असेल तर लाटा तशाच का? त्याने मला पडल्या पडल्या खिडकीतून पाहिलं असेल तर... त्या खोलीला नदीकडे खिडकी नाही, मी स्वतः पाहिली आहे.

रात्रीचे फोटो मात्र मी हात थरथरायला लागेपर्यंत काढत राहिलो. कधीच कुणी दिसलं नाही. तरी शटर उघडलं की मी स्टँडजवळून दोन पावलं बाजूला सरकून उभा राहायचो... कुणाला जायचं असेल तर वाट मोकळी असावी म्हणून.