जिन्याचा आठवडा

इर्मगार्ड व्हेल्टे अर्थशास्त्राची पदवी घेऊन जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या आपल्या गावी परतली, तेव्हा बँकेने तिला टाइपरायटरसमोर बसवलं. दोन महिन्यांनी ती उठली, ती थेट गावच्या वर्तमानपत्रात. तिथे वाट्याला पाककृतींचं सदर आलं. हिने काय करावं? बटाट्याच्या सॅलडच्या कृतीखाली बटाटे सोलणारीचे तास मांडायला सुरुवात केली!

पुढे तिने जिन्यालाच हात घातला. गावात प्रत्येक इमारतीत घरटी जिना झाडायचा आठवडा ठरलेला. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला पाटी. इर्मगार्डने लिहिलं, ‘पाटी घराच्या दारावर, झाडू मात्र बाईच्याच हातात.’ बायकांनी कात्रणं जपून ठेवली. आणि हिच्या जिन्यावर नजरही ठेवली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती नगरपालिकेला उभी राहिली. समोर दातांचे डॉक्टर लांगे, वीस वर्षं नगरसेवकाच्या खुर्चीत. शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत दोघांची सभा भरली. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि शेजारीण बाउरबाई उभी राहिली.

“दोघांनीही सांगा. तुमच्याकडे या आठवड्यात जिना कुणाकडे आहे?”

पाटी सोमवारपासून इर्मगार्डच्याच दाराला होती. पत्रकं वाटण्याच्या नादात तिने झाडूला हात लावला नव्हता, आणि उद्या रविवार, म्हणजे घरकामालाही सुट्टी. रविवारी झाडू दिसला, तर गाव मत देणं सोडाच, नमस्कारही करणार नाही.

डॉक्टर हसले. “आमच्याकडे ते आपोआप होतं हो.”

“आपोआप?” दुसऱ्या रांगेतून त्यांची बायको गुडरुन म्हणाली. “या आपोआपचे गुडघे दुखतात, डॉक्टर!”

सभागृह खदखदून हसलं. इर्मगार्डला वाटलं, सुटले. पण बाउरबाई बसेना.

“आणि तुमच्याकडे, व्हेल्टेबाई?”

“माझ्याकडेच.”

“झाला झाडून?”

खोटं बोलावं, तर विचारणारी त्याच जिन्याने खाली आलेली.

“नाही झाला,” इर्मगार्डने कोट उचलला. “अंधार पडायला दोन तास आहेत. माझं भाषण उरलंय, ते जिन्यावर करते. ऐकायचं त्यांनी चला. पाय मात्र पुसून या!”

आधी गुडरुन उठली. मग रांगच्या रांग. डॉक्टर रिकाम्या खुर्च्यांना बालवाड्यांचं धोरण समजावत राहिले. इकडे इर्मगार्ड तिसऱ्या मजल्यापासून पायरीगणिक एकेक मुद्दा झाडत खाली आली.

“कोपरा राहिला!” वरून कुणी ओरडलं.

“कोपऱ्यावर विरोधकांचाही हक्क आहे!”

ती निवडून आली. निकालाच्या दिवशी घरी पोहोचली, तर दाराला पुन्हा पाटी.

“बाउरबाई, हा आठवडा तुमचा ना?”

“माझाच. पण त्या दिवशी तळघराच्या पायऱ्या तशाच राहिल्या होत्या. मतदान होईपर्यंत गप्प बसले,” बाउरबाईने झाडू पुढे केला. “आता घ्या, नगरसेविकाबाई.”