वहिनीला बस नको होती

माझ्या वहिनीला आम्ही सगळे घरकोंबडी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो आणि तीही हसून घ्यायची. सहलीला निघायचं म्हटलं की हिचं डोकं दुखणार, नाहीतर कुणाचे तरी कपडे द्यायचे राहिलेले असणार. दाराशी तिचं शिलाई मशीन, शेजारी लोकांच्या आखूड करायच्या पँटींचा ढीग, आणि त्या ढिगाआड ही बाई. हिला स्वर्गात बोलावणं आलं तरी म्हणेल, "तुम्ही व्हा पुढे, मला एक चेन बदलायची आहे."

माझा मोठा भाऊ, दादा, अगदी उलटा. जन्मभर त्याने लांब पल्ल्याची बस चालवली, आणि निवृत्त झाला तरी पायाला भिंगरी. एकदा बायकोला घेऊन युरोप बघायचा, हा त्याचा ध्यास. शेवटी सहल कंपनीचं पत्रक घेऊनच आला. नऊ देश, एक बस, आणि पुढे माईक घेऊन गाइड. "यंदा मी मागे बसून झोपणार," म्हणाला.

वहिनी मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आणि वन्सं जा. मी घर सांभाळते."

दादाचा चेहरा पार उतरला. "मग कुणीच नको," म्हणून पत्रक टेबलावर टाकलं आणि चपला घालून बाहेर गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कमाल आहे बाई तुझी! नवरा एवढ्या हौसेने नेतोय आणि तुझा आपला नन्नाचा पाढा. त्याच्याबरोबर जायचंच नाही, असं सरळ सांगून टाक ना!"

वहिनीने मशीन थांबवलं. "जायचंय हो, वन्सं," म्हणाली आणि रडायलाच लागली. "पण बसने नको. धाकटीच्या बाळंतपणापासून मला लघवी धरवत नाही. तासाभरात जावंच लागतं. नाही मिळालं जायला तर..."

मी इस्पितळात नर्स होते. कितीतरी बायकांनी मला हे सांगितलं, कितीजणींना मी व्यायाम शिकवले. आणि इथे माझ्या घरात ही, बाहेर जावंच लागलं तर सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

"अगं, पण दादाला का नाही सांगितलंस?"

"त्यांना? त्यांची ती नक्कल आठवा."

आठवली. दादा कामावरून आला की जेवताना प्रवाशांच्या नकला करायचा. त्यात एक बाई असायची, पाय आवळून पुढे येत, "ड्रायव्हरसाहेब, जरा गाडी बाजूला घ्या ना!" म्हणणारी. मग दादा ऐटीत सांगायचा, "मी कसला थांबवतोय!" आम्ही पोट धरून हसायचो. वहिनी तेव्हा वाढत असायची.

"मी बोलू त्याच्याशी?"

"नको. मीच बोलते. तुम्ही नुसत्या इथे बसा."

दादा परत आला. तिने मशीनच्या सुईकडे बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. दादाने तोंड उघडलं. याने आता एक जरी विनोद केला, तर ही जन्मात पुन्हा बोलायची नाही.

दादा मटकन त्या पँटींच्या ढिगावरच बसला. "इतकी वर्षं? आणि मी जेवायला बसून... चुकलो गं मी." हा शब्द त्याच्या तोंडून मी तरी कधी ऐकला नव्हता. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. आणि ती बस गेली खड्ड्यात."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मग बेत ठरला आपला आपणच जायचा. नऊ देश रद्द, दोनच बास. फिरायचं रेल्वेने, कारण डब्यात सोय असते. खोली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि हे ठरवत कोण होतं? आमची घरकोंबडी! कुठल्या बागेत स्वच्छतागृह आहे, कुठल्या स्टेशनात आत जायला सुटी नाणी लागतात, सगळं हिला तोंडपाठ.

"हे तुला कुठून माहीत?" दादा थक्क.

"शिवताना मोबाइलवर बघते. जाता येत नाही म्हणून काय बघूही नये?"

परवा दादाने तिकडच्या एका छोट्या हॉटेलला फोन लावला. समुद्रापलीकडे ऐकू जावं म्हणून की काय, ओरडूनच बोलत होता. "टॉयलेट! इन द रूम! फॉर माय वाइफ!" खिडकी सताड उघडी. समोरच्या गॅलरीतली माणसं कपडे वाळत घालायचं सोडून बघायला लागली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी मशीनवरून ताडकन उठली. मला वाटलं, आता फोन हिसकावून घेते. तर ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याहून मोठ्याने ओरडली, "अहो, आणि स्टेशनावरचं रात्री किती वाजता बंद होतं, तेही विचारा!"