झऱ्याच्या काठावरचा तांबेरा

गारगोटीकडच्या आकाराम आप्पाला शेवाळाची भारी किळस. म्हशीची चिघळलेली जखम बोटं घालून साफ करील, पण पायाखाली शेवाळ बुळबुळलं की तोंड असं करील, जणू कुणी नासकं ताक पाजलंय. आणि नशीब बघा, घरचं पिण्याचं पाणी उसाला खेटून असलेल्या झऱ्याचं. त्याचा दगडी काठ शेवाळानं हिरवागार, फटीफटीतून नेचे लोंबलेले.

श्रावण सरता सरता आप्पानं नेच्याचं एक पान उलटं केलं. पाठीवर तपकिरी ठिपके, ओळीनं. बोट फिरवलं तर भुकटी बोटाला. सगळा जन्म उसात गेलेला माणूस! पानामागं तांबूस भुकटी म्हणजे उसावर पडतो तो तांबेरा रोगच, दुसरं काय? अन् चार पावलांवर ऊस उभा.

बायकोला, चिमणाबाईला, विचारलंसुद्धा नाही. तोंडाला टॉवेल बांधला आणि दोन दिवस थुंकत थुंकत काठ खुरप्यानं खरवडला. नेचे मुळासकट उपटून जाळले. शेवाळ दोन-तीन पोत्यांत भरून पोती ओढ्यापलीकडं सावलीत फेकली. काठ हजामत केल्यागत चकचकीत. येईल त्या पावण्याला नेऊन दाखवायचा.

मग आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी चिमणाबाईनं कळशी त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. आत लाल गढूळ पाणी. काठामागची माती फटींतून झऱ्यात उतरत होती, दोन दगडही निखळले होते. आता प्यायचं काय?

पुतणी अनुजा कॉलेजात वनस्पती शिकवते. तिनं येऊन काठ पाहिला नि कपाळावर हात मारला. नेच्याला फूल नाही, बी नाही. ती भुकटी हेच त्याचं बियाणं, वाऱ्यावर उडतं आणि ओल मिळेल तिथं रुजतं. शेवाळाला तर धड मुळंही नाहीत. ते अंगानंच पाणी पितं, धरून ठेवतं, थेंब थेंब सोडतं. काठाची माती या दोघांनी आवळून धरली होती.

"म्हंजी रोग न्हवता?" आप्पानं विचारलं.

"न्हाई आप्पा. लेकुरवाळं झालंतं ते."

"आनि ह्यांनी त्येची दाढी केली," चिमणाबाई म्हणाली.

पोत्यांतलं शेवाळ ओलं आहे तोवर जिवंत आहे, अनुजा म्हणाली. दगड बसवून फटींत चिखल भरायचा, वर ते हातानं दाबायचं. काठ ओला राहिला की नेचे मागनं आपोआप येतील. ती स्वतः पदर खोचून पुढं झाली. आप्पानं अडवलं. ज्यानं काढलं त्यानंच लावायचं, म्हणाला.

दगड बसवून, चिखल भरून त्यानं पोती ओढ्यापलीकडनं आणली. पहिलं पोतं सोडलं तसा कुबट भपकारा आला. हात घातला तर गार, गिळगिळीत लगदा, त्यातून एक गांडूळ मनगटावर चढलं. मान फिरवून, डोळे मिटून तो दाबत राहिला.

"नीट दाबा. लेकराला थापटल्यागत," चिमणाबाई वरनं म्हणाली.

दुपार कलली तेव्हा हातभर काठ कसाबसा हिरवा झाला होता. पाणी अजून लालच. आप्पानं दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं, ओकारी गिळली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.