मामाचं पित्त

आमच्या मामाच्या मते जगात रोग एकच होता, पित्त. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. शेजारी नळावरून भांडला, तर त्यालाही पित्त. मामा एसटीत कंडक्टर होता. सोलापुरातून सुटलेली गाडी मोहोळला पोचेपर्यंत निम्म्या गाडीला पित्त झाल्याचं त्याने ठरवून टाकलेलं असायचं. तिकिटांच्या पिशवीत चिल्लरीशेजारी खायच्या सोड्याची डबी असे. अशा माणसाला वैद्य म्हणावं की उपद्रव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीनंतर हा उपद्रव पूर्ण वेळ घरी आला. रोज सकाळी मोरीत उभं राहून, घशात बोटं घालून 'पित्त पाडायचं', तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मग पोट मोकळं झालं म्हणून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तिच्यावर तेलाची धार. मग छातीत जळजळ. मग सोडा. "तेलाबिगर चटणी म्हंजी बिनतिकीट प्रवास की," असं तो वर मला ऐकवायचा. या गाढवपणाला आमची मामी 'त्येंचं पथ्य' म्हणायची.

पुढे जळजळीबरोबर कळ यायला लागली. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत निघायची. मामा पुढे वाकून, गुडघ्यांना मिठी मारून बसायचा. "वाकलं की पित्त खाली उतरतं," हे त्यावरचं शास्त्र. एकदा ओकून ओकून पांढराफटक पडला, तेव्हा मीच त्याला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत. त्यांच्यामुळे स्वादुपिंडाला सूज आलीय. जळजळ वरवरची आहे. सूज उतरली की पित्ताशय काढून टाकू. नाहीतर पुन्हा होईल, आणि तेव्हा जिवावर बेतेल."

एवढ्या बोलण्यातून मामाने दोनच शब्द उचलले. पहिल्यावर खूश झाला. "बघ, पित्तच की! मी काय म्हनत हुतो?" दुसऱ्यावर भडकला. "पिंड? आन् त्यो बी स्वादु? मी अजून जित्ता हाय, डॉक्टर!" ऑपरेशनला साफ नकार. "पिशवीच काडली तर पित्तानं ऱ्हायचं कुटं?"

मी समजावलं, रागावले, शेवटी बोलणंच टाकलं. तर हा रोज मोबाइलवर पित्तावरचे उपाय पाठवायला लागला. भाचीने बोलणं टाकणं हेही पित्ताचंच लक्षण ना!

काही महिन्यांनी पुन्हा कळ आली. या वेळी मामा दवाखान्यातून परत आला नाही.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. त्याच्या मुलाने "आईला सांभाळीन" म्हणून सांगितलं. मामीने चटणी ठेवून पाहिली, तेल घालून. भटजी घड्याळ बघायला लागले. "कायतरी मनात ऱ्हायलंय त्येंच्या," मामी म्हणाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी पुढे झाले, हात जोडले आणि दातओठ खात म्हटलं, "बरं मामा, पित्तच होतं."

कावळा झपकन उतरला.

मेल्यावरही स्वतःचंच खरं केलं त्याने. घरी येताना माझ्या छातीत सारखं जळत होतं. ते मात्र पित्त नव्हतं.