न पडलेली फुली

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. ते गेले — आणि शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, की त्या दिवशी माझ्या छातीत खरंच दुखत होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कलकत्त्यात गार्डन रीचच्या एका जहाज कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला. हे इंजिनिअर, मी संगणक विभागात — एकटी बाई. नव्या प्रवासी लाँचचा हिशेब माझ्याकडे होता. वारा लाँचला किती जोरानं कलवतो, ही एक वक्ररेषा. लाँच किती जोरानं पुन्हा सरळ होऊ बघते, ही दुसरी. दोन्ही छेदतील तिथे माझा प्रोग्रॅम फुली छापायचा. पहिली फुली म्हणजे लाँच कलून थांबेल तो कोन. दुसरी म्हणजे — त्यापुढे गेली की उलटलीच.

दुसरी फुली पडलीच नाही. साहेब खूश! चाचणीचा दिवस ठरला; लाँचवर हे जाणार होते.

आदल्या दुपारी सहज त्या कागदावरून बोट फिरवलं. एका जागी दोन्ही रेषा नेमक्या एकावर एक होत्या. मी काय लिहून ठेवलं होतं? दोघींमधला फरक अधिकाचा उणे, नाहीतर उण्याचा अधिक झाला की फुली छाप. इथे फरक होता शून्य — ना अधिक, ना उणे. प्रोग्रॅम दुसरी फुली न छापताच मुकाट पुढे गेला होता. आणि तो कोन काही मोठा नव्हता हो... वैशाखातलं एक वादळ, तिथली कालबैशाखी, पुरलं असतं.

सांगायचं ना मग? दोन वाक्यांचं तर काम. पण साहेबांचा चेहरा आठवला, "बायकांच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं" हे आधीच कानात वाजायला लागलं — आणि माझी पाचावर धारण बसली. मूग गिळून घरी आले.

सकाळी हे निघाले, तशी मी छाती धरून खाली बसले. नाटक! हे घाबरून घरीच राहिले. त्यांच्या जागी कोण गेलं? शेजारचे, कारखान्यातलेच शुभेंदूदा. दारातून मलाच धीर देत होते — "बौदी, चिंता कोरबेन ना." वहिनी, काळजी करू नका.

मी त्यांना जाऊ दिलं.

दुपारी आभाळ भरून आलं. मी खिडकीपासून हलले नाही. पण खरं सांगू? मनात एकच होतं — बरं झालं, हे घरी आहेत.

वादळ आलंच नाही. शुभेंदूदा संध्याकाळी परतले, माझ्यासाठी संदेश मिठाईचा डबा घेऊन. निदान तेव्हा तरी मी बोलले का? नाही. लाँच माणसं भरभरून वर्षानुवर्षं हुगळीवर फिरली. उलटली नाही — ते काही माझं पुण्य नव्हे.

ह्यांना मात्र मी तिच्यात एकदाही बसू दिलं नाही.